धाक असेपर्यंत

प्रिय सुमेध,

मांडवीतल्या जहाजावरच्या पोकर स्पर्धेतून रात्री पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझ्या एक्का-राणीच्या ऑल-इनला कुणीतरी किलवरच्या नव्वी-पंजीवर कॉल केला, जिंकला, आणि तू त्याला अडाणी ठरवून मोकळा झालास. अडाणी नव्हता रे तो. त्याच्या जागी मीही कॉलच केला असता.

आकडे तुझेच घेते. ब्लाइंड ५,००० आणि १०,०००, वर बिग ब्लाइंडवाल्याची अँटी १०,०००. तुझ्याकडे उरलेले ३०,०००. तो बिग ब्लाइंडवर असल्याने त्याला आणखी २०,००० टाकून ७५,०००चा पॉट मिळत होता. शंभरात २७ वेळा जिंकला तरी परवडणार. आणि एक्का-राणीसमोर ती नव्वी-पंजी तिनात एकदाहून जास्तच जिंकते.

मला खटकल्या त्या आधीच्या दोन फेऱ्या. तेव्हा तुझ्याकडे ८०,००० होते. फेरीला २५,००० हे खुर्चीचं भाडं. चांगल्या पानांची वाट बघत ते तू दोनदा भरलंस. बबल फुटून बक्षीस पक्कं झालेलं, बक्षिसाची पुढची पायरी लांब, तू बटनवर, तुझ्यापर्यंत सगळ्यांनी पानं टाकलेली, आणि हातात राजा-दश्शी. ती फोल्ड? तिथे ऑल-इन म्हणाला असतास तर त्याच माणसाला ७०,००० घालावे लागले असते, म्हणजे शंभरात ४० वेळा जिंकायची आशा हवी. नव्वी-पंजी मुकाट्याने गेली असती आणि पान न उघडता २५,००० तुझे झाले असते. आठ बिग ब्लाइंडचा धाक असतो, तिनाचा नसतो.

डॅन हॅरिंग्टन, पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा १९९५चा विजेता, आपल्या चिपांना एका फेरीच्या खर्चाने भागायला सांगतो. उत्तर पाचावर आलं की तांबडा पट्टा सुरू. तुझं तेव्हाच ३.२ होतं!

पण म्हणून उद्या दिसेल त्या ऑल-इनला कॉल करत सुटू नकोस. समोरचा आधीच सगळं लावून बसला असेल तर तीच राजा-दश्शी टाकायची, कारण आता घाबरून पळणारं कोणी उरलेलं नाही. बबलवर तर आणखी जपून. चिपा दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला वाटा दुप्पट होत नाही, पण गेल्या की सगळाच जातो. शेजारचा दोन बिग ब्लाइंडवर तगून असेल तर त्याला आधी जाऊ दे. तिथे चांगली पानं टाकण्यात भित्रेपणा नाही.

आणि जॅक स्ट्रॉसची गोष्ट मला ऐकवू नकोस. १९८२ साली लास व्हेगासमध्ये नॅपकिनखाली ५०० डॉलरची एक चिप सापडली आणि तो थेट अजिंक्य झाला म्हणतात. असेल. त्यावर भरवसा ठेवून स्वस्थ बसणारे मी खूप पाहिलेत, आणि ते लवकर घरी जातात.

राजा-दश्शीच्या वेळी त्या बिग ब्लाइंडवाल्याकडे किती चिपा होत्या, ते आठवून कळव. तुझ्याहून कमी असतील तर ७०,०००चा माझा हिशेब बदलेल. आईला पत्र दाखवू नकोस. तिच्या लेखी तू गोव्याला कॉन्फरन्सला गेला आहेस.

तुझी,
ताई