तिन्हीसांजेची शिकार
आज दिवेलागणीला मनीशी पंधरा मिनिटं खेळले. काठीला दोरीने बांधलेली चिंधी सोफ्याआड सरकली, की मनी दबा धरते, शेपटीचं टोक थरथरतं आणि झेप! मांजराचा खेळ म्हणजे शिकारच. म्हणून शेवटी चिंधी तिच्या पंजात सापडू द्यायची, मग लगेच खाऊ. लेझरचा ठिपका मी बंद केला. तो कधीच हाती लागत नाही, ती बेचैन होऊन भिंती हुंगत राहायची.

फ्लॅटमध्ये राहून मनी गेल्या वर्षी किती जड झाली होती! या खेळामुळे आता कपाटावर सहज चढते. खेळ संपला की मी दोरी आठवणीने उचलून ठेवते. तिने गिळली तर आतड्यात अडकू शकते.

आत्ता ती वहीवर पंजा ठेवून बसलीय, माझ्याकडे बघत सावकाश डोळे मिटतेय. मीही मिटते.