रूळ वस्तीपर्यंत आले पाहिजेत

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात. म्हणोत. पण माहेराला जायची वाट कुणाला सोपी अन् कुणाला अवघड, हे कुणी बोलत नाही. सदाशिव पेठेतल्या पोराचं कॉलेज चालत जाण्यासारखं. येरवड्यातल्या, दापोडीतल्या पोराचं कॉलेज दोन बसगाड्यांच्या पल्याड. गावात आपली वस्ती वेशीबाहेर होती. शहरात ती नाल्याकाठी, रुळाकाठी, छावणीच्या कडेला गेली. हे अंतर जातीनं आखलेलं आहे, मित्रांनो.

मी येरवड्यातून कर्वे रोडवरच्या एका कॉलेजात जायचो. माय बिगारी कामाला. सकाळी पदराची गाठ सोडून ती मोजून बसचे पैसे द्यायची. परतीची बस चुकली तर मनपापासून पायी. घरात दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. लायब्ररीत टेबल होतं, पंखा होता, पुस्तक होतं. पण साडेसहा वाजले की मी पुस्तक मिटून उठायचो. बरोबरची पोरं शेवटची घंटा होईस्तोवर बसायची. निकालात त्यांचे मार्क जास्त यायचे. मग लोक म्हणायचे, यांच्यात मेरिटच नसतं. आमचे रोजचे अडीच तास बसमध्ये गेले, ते कुठल्या मेरिटात धरले होते?

आता थोरल्या भावाची पोरगी शिकते. त्याच येरवड्यातून, त्याच कर्वे रोडला. मेट्रोनं. गाडी बदलावी लागत नाही. बंडगार्डन, पुणे स्टेशन, मंगळवार पेठ, सिव्हिल कोर्ट करत वीस-पंचवीस मिनिटांत गरवारे कॉलेजचं स्टेशन. ती रात्री आठपर्यंत लायब्ररीत बसते. वहिनी दारात वाट बघत उभी राहत नाही. सावित्रीमाई शाळेत शिकवायला निघायच्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण अन् दगड आले, ते वाटेवरच. पोरीच्या शिक्षणातला निम्मा लढा वाटेवरच होतो, हे आपल्या घराघरातल्या आयांना ठाऊक आहे.

एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, "दादा, मेट्रोच्या खांबाखाली आपल्या झोपड्या गेल्या. अन् तुम्ही तिचं गुणगान गाता?"

त्याचं खरं आहे. शिवाजीनगरला कामगार पुतळ्याजवळ वस्ती होती. आज तिथे सिव्हिल कोर्टचं स्टेशन आहे, दोन्ही मार्ग तिथेच एकमेकांना भेटतात. वस्तीतल्या बऱ्याच कुटुंबांना हडपसर, विमाननगरच्या इमारतींत पाठवलं. ज्यांच्या जागेवर स्टेशन झालं त्यांतल्या हडपसरला गेलेल्यांच्या वाट्याला पुन्हा बसच आली.

येरवड्याचंही ऐका. ६ मार्च २०२२ ला पुण्यातली पहिली मेट्रो धावली. ऑगस्ट २०२३ ला दापोडी, बोपोडी जोडली. मार्च २०२४ ला गाडी रामवाडीपर्यंत गेली. पण येरवड्याचं स्टेशन उघडलं ऑगस्टात. जिन्याचं काम अडलं होतं. पाच महिने गाडी आमच्या डोक्यावरून न थांबता जात होती. आम्ही खालून बघत होतो.

म्हणून मी त्या मित्राला बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. १९०१ साल. लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. साताऱ्याहून मसूरपर्यंत रेल्वेनं नेलं. तिकीट काढलं, डब्यात बसले, पोचले. स्टेशनात उतरल्यावर जात कळली अन् एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, पोरांनी स्वतः बैल हाकायचे ठरले, तेव्हा कुठं बैलगाडी मिळाली. रात्रभर पाण्याचा थेंब नाही. रूळ संपले तिथे छळ सुरू झाला. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे.

मग आपण रुळांना शिव्या का द्यायच्या? रूळ आपल्या दारापर्यंत आणा म्हणायचं. डब्यात शेजारी कोण बसलं, कुणी विचारत नाही. येरवड्याची पोरगी अन् डेक्कनची पोरगी एकाच दांडीला धरून उभ्या राहतात. हे थोडंथोडकं नाही. पण हे सुख खांबांशेजारी राहणाऱ्यांपुरतं राहिलं तर स्टेशनाजवळची घरं महागतील, भाडेकरू बदलतील अन् आपण आणखी लांब फेकले जाऊ.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं खराडी, हडपसर, स्वारगेट, खडकवासला या मार्गाला मंजुरी दिली. पाच वर्षांत काम पुरं करायचं ठरलं आहे. मंजुरीच्या कागदावर बसून कुणी कॉलेजला जात नाही. तेव्हा मागण्या सरळ आहेत. हडपसरचा मार्ग मुदतीत व्हावा. तोवर पुनर्वसनाच्या इमारतींपासून स्टेशनापर्यंत सकाळी लवकर अन् रात्री उशिरा बस असावी. पुढं रेल्वेसाठी वस्ती हलवायची झाली तर स्टेशनापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच घर मिळावं. २०२३ साली पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत जाहीर झाली. एम. ए. करणारा, आय. टी. आय. करणारा, स्पर्धा परीक्षेला बसलेला पोरगाही विद्यार्थीच आहे. त्यालाही ती हवी.

अन् एक काम तुमच्याकडं. आपापल्या वस्तीत घरोघर जा. किती पोरं-पोरी शिकतात, जवळचं स्टेशन किती मिनिटांवर, रोजचा खर्च किती, किती जणांनी वाटेपायी कॉलेज सोडलं, वहीत लिहून घ्या. निवेदनाला आकडे लागतात. नुसत्या घोषणांना साहेब लोक चहा पाजून परत पाठवतात. वही घेऊन गेलो तर उत्तर द्यावं लागतं.

जय भीम.