धर्माची गाय

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये, हा तिचा मतलब. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो गृहस्थ गाय घेणाऱ्यांपैकी नसून देणाऱ्यांपैकी असावा, असा मला दाट संशय आहे. कारण गाय फुकट आली तरी वैरण काही फुकट येत नाही. घेणाऱ्याने दात मोजले तर त्यात त्याचा कृतघ्नपणा नाही. बिचाऱ्याचा तो हिशेब आहे.

ही म्हण हल्ली मला वारंवार आठवते ती माझ्या मोबाइलकडे पाहून. त्यात आज सात खेळ आहेत आणि सातांपैकी एकासाठीही मी पैसा मोजलेला नाही. ज्यांना स्वतंत्र यंत्र लागते आणि ज्यांची एकेक तबकडी हजारोंच्या भावात जाते, ते मोठे खेळ मी चित्रांतच पाहिले. आमच्या आंधळगावात जे खेळ आले ते स्वस्तातले तरी होते किंवा फुकटातले तरी. तेव्हा खेळांच्या थोर साहित्याविषयी नसला, तरी फुकट खेळांविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला पोचतो असे मी मानतो.

स्वस्त खेळाची माझी पहिली ओळख मंडईत झाली. शहरातल्या वाचकांना मंडई म्हटले की भाजीबाजार आठवेल. पण आम्हा झाडीपट्टीच्या लोकांची दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. त्यानंतर गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी आलेल्या असतात, शेतात धान पिवळे झालेले असते, रात्री दंडार किंवा नाटक असते, आणि दिवसा पाळणा, फुगे, जिलेबी आणि तऱ्हेतऱ्हेची दुकाने. १९९५च्या सुमारास अशा एका मंडईत एका माणसाने कनातीच्या आडोशाला दूरचित्रवाणीचा संच मांडून त्याला खेळाचे यंत्र जोडले होते. एक रुपया दिला की तीन जीव मिळत. तिन्ही जीव गेले की तो माणूस मानेनेच खूण करी, “ऊठ!” मागे वीस पोरे उभी असत, त्यामुळे उठण्यावाचून इलाज नसे. आता वाटते, त्या रुपयात तीन जीव तर मिळतच, पण ते ‘ऊठ’ही मिळे.

त्याच मंडईत तळहाताएवढी एक डबी विकायला असे. तीवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचे छापलेले असे आणि मोजायला बसले तर ते दहा-बारांच्या पुढे जात नसत. पण त्यांतला एक खेळ नऊ हजारांच्या तोडीचा होता. वरून विटांचे तुकडे पडत; ते फिरवून, सरकवून खाली बिनफटीची ओळ लावायची. ओळ जमली की ती नाहीशी होई. चांगले केलेले काम दिसेनासे होते आणि चुका तेवढ्या डोक्यापर्यंत साचत जातात, हे आयुष्याचे तत्त्व मला त्या डबीने शिकवले. शाळामास्तराला ते पुढे फार उपयोगी पडले.

या खेळाचे नाव ‘टेट्रिस’ आणि तो रचणाऱ्याचे नाव अलेक्सेई पाजितनोव्ह, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. हा गृहस्थ मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला होता आणि १९८४ साली त्याने हा खेळ रचला. खेळ जगभर गेला, त्यावर कंपन्यांनी कोर्टकज्जे केले, अपार पैसा मिळवला. पण तिकडच्या व्यवस्थेत हक्क सरकारचे असल्यामुळे रचणाऱ्याला त्याचे मानधन मिळू लागले ते १९९६पासून. म्हणजे आम्ही मंडईत विटा रचत होतो तेव्हा त्या विटांचा मूळ गवंडी अजून मजुरीची वाट पाहत होता.

पुढे संगणकावर पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ आला. कचेऱ्यांतून, बँकांतून, सायबर कॅफेंतून तो कुणी खेळला नाही असा माणूस विरळा. तोही फुकट. तो लिहिला वेस चेरी नावाच्या एका उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याने. १९९०मध्ये तो विंडोजबरोबर घरोघर गेला आणि लेखकाला त्याबद्दल एक पैही मिळाली नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला ही हकीकत ऐकून बंधुभाव वाटला तर नवल नाही. एकोणीस वर्षांच्या गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन मुलाने २०१४च्या मार्चमध्ये शनिवार-रविवारच्या सुटीत ‘२०४८’ हा आकड्यांचा खेळ केला आणि सर्वांसाठी मोकळा ठेवला. दोनाला दोन मिळवून चार, चाराला चार मिळवून आठ. माझ्या वर्गातली पोरे घातांक त्यावरून शिकली. त्याच वर्षीचा तो धावणारा डायनासोर. नेट गेले की तो ब्राउझरच्या पानावर उभा राहतो आणि बोट लावले की निवडुंगावरून उड्या मारू लागतो. नेट नसणे म्हणजे प्रागैतिहासिक काळात परत जाणे, असा त्यातला विनोद आहे म्हणे. पावसाळ्यात आमच्या गावचे नेट वरचेवर जाते, त्यामुळे आमचा आणि त्याचा घरोबा जरा अधिक.

अशा खेळांना मी खरी धर्माची गाय म्हणतो. कुणीतरी आपली मेहनत किंवा आपली रात्र दिली, कधी खुशीने, कधी नाइलाजाने. आणि आपल्याला खेळ मिळाला.

पण हे सगळ्याच फुकट खेळांविषयी म्हणता येत नाही. आमच्या सौभाग्यवतींचे उदाहरण घ्या. ती ‘कँडी क्रश’ खेळते. रंगीत गोळ्यांच्या तीन-तीनच्या ओळी लावायचा हा खेळ २०१२पासून मोबाइलवर आहे. त्यात पाच जीव असतात. हरलात की एक जातो, आणि गेलेला जीव परत यायला तीस मिनिटे लागतात. ज्याला तेवढा धीर नाही त्याने पैसे देऊन जीव विकत घ्यावे, अशी योजना. आमच्या घरात या योजनेचा पार बोजवारा उडाला. जीव संपले की सौभाग्यवती शांतपणे मोबाइल फळीवर ठेवते आणि तांदूळ निवडायला घेते. तांदूळ निवडून होईतो एक जीव आलेला असतो, भात शिजेतो दुसरा. इतक्या वर्षांत तिने छदामही दिलेला नाही, आणि एवढ्या मोठ्या कंपनीला आपण झुलवले याचा तिला रास्त अभिमान आहे.

मलाही तो होता. पण मग एक आकडा वाचनात आला. हा खेळ चालवणारी ‘किंग’ ही कंपनी २०१६ साली सुमारे ५९० कोटी डॉलरना विकली गेली. आमच्या स्वयंपाकघरातून तर त्यांना काही मिळाले नव्हते. मग इतकी किंमत आली कुठून? उत्तर सोपे आहे. पुष्कळजण फुकट खेळतात, थोडे पैसे भरतात, आणि त्या थोड्यांच्या जिवावर पुष्कळांचा खेळ चालतो. सार्वजनिक विहिरीसारखेच हे. फरक इतकाच की विहीर कुणी बांधली ते दगडावर कोरलेले असते.

दुसरी तऱ्हा जाहिरातींची. २०२०च्या टाळेबंदीत आई इथे आणि बहीण पुण्यात अशी ताटातूट झाली, तेव्हा ‘लुडो किंग’ने आमची लाज राखली. हा खेळ आपल्या नवी मुंबईतला, २०१६चा. रोज रात्री मायलेकी लुडो खेळत आणि सोंगटी मारल्यावर जे भांडण होई त्यावरून दोघींची प्रकृती ठीक आहे हे आम्हांला समजे. डाव संपला की जाहिरात येई. आई ती पूर्ण पाही. दारी आलेल्या पाहुण्याला मधेच कसे उठवायचे, असा तिचा शिष्टाचार. त्या खेळाचे मोल तिने अशा रीतीने चुकते केले आणि ते मला महाग वाटले नाही.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. शाळा बंद, शिकवणे मोबाइलवर. म्हणून ज्यांच्या घरी घड्याळही धड नव्हते त्यांनी उसनवार करून मोबाइल घेतले. आमच्या गावची जुनी ओळख कोशाच्या कापडाची. हातमाग पूर्वीइतके राहिले नाहीत, पण अजून काही घरांतून धोट्याचा आवाज येतो. अशाच एका घरातला मुलगा माझ्या वर्गात आहे. बापाला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पैसे पाठवणे, रिचार्ज करणे हे सारे व्यवहार पोरगाच करी. गेल्या वर्षी एके दिवशी बाप मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. मागे मान खाली घालून मुलगा. खात्यातून दोन-तीन महिन्यांत थोडे थोडे करून अठ्ठावीसशे रुपये गेले होते. विणकराच्या घरात ही रक्कम लहान नव्हे.

“गुरुजी, खेळ तं फुकटचा होता ना?” त्याने विचारले.

“फुकटचाच आहे,” मी म्हणालो.

“मंग पैसे कायचे गेले?”

मुलाने पडदा उघडून दाखवला. त्यात एक शिपाईगडी उभा होता. त्याच्या अंगात सोनेरी काठाचा लाल अंगरखा होता, डोक्याला मंदील होता. पैसे या कपड्यांचे गेले होते. त्या कपड्यांनी बळ वाढत नव्हते, की डाव जिंकता येत नव्हता. दुसऱ्या मुलांचे गडी तसे सजलेले होते आणि याचा एकटाच साध्या सदऱ्यात होता, एवढेच.

बापाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि कापड पारखायच्या सवयीने अंगठा त्या अंगरख्यावरून फिरवला. त्यासरशी तो शिपाई गर्रकन वळला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“काठ बरा काढला हाये,” तो म्हणाला. “पन हे इनलं कोनं?”

कुणी विणले नाही, कुठल्याशा देशात संगणकावर एकाने एकदा चित्र काढले आणि तेच लाखो मुलांना विकले, असे मी समजावले. त्याने बराच वेळ विचार केला. “एकदा इनाचं आन् लाखदा इकाचं!” असे म्हणून तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याच्या धंद्याला दिलेली ती दाद होती. त्याला प्रत्येक साडी नव्याने विणावी लागते.

त्या रात्री सौभाग्यवतीला मी ही हकीकत सांगितली. तिचा खेळ निराळा, त्या मुलाचा निराळा; पण रीत एकच. ती तांदूळ निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, “म्हणजे आपण फुकट खेळतो ते अशा कुणाच्या तरी पैशावर?” या प्रश्नावर मला काही बोलता आले नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. ते योग्यच झाले. पण तो कायदा जुगारासाठी आहे. चित्रातल्या शिपायाला अंगरखा विकत घेणे हा जुगार नव्हे, ती खरेदी आहे. तिथे कायद्यापेक्षा माणसाची लाज उपयोगी पडते, आणि तशी लाज असलेला एक माणूस होऊन गेला आहे. व्हिएतनामच्या डोंग न्गुयेनने ‘फ्लॅपी बर्ड’ नावाचा पाखराचा फुकट खेळ केला होता. जाहिरातींतून त्याला दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळतात अशा बातम्या होत्या. लोकांना या खेळाचे व्यसन लागते आहे असे दिसताच २०१४च्या फेब्रुवारीत त्याने तो काढून घेतला. मंडईतल्या त्या माणसासारखाच हाही साऱ्या जगाला म्हणाला, “ऊठ!”

फुकट खेळ वाईट, असे मी म्हणणार नाही. ते नसते तर आमच्या वाट्याला खेळच आले नसते. आणि म्हणीप्रमाणे दातही मोजू नयेत हवे तर. पण दाता कोण, एवढे विचारायला हरकत नसावी. वर्गात हल्ली एखादा नवा खेळ निघाला की मी पोरांना तीन प्रश्न घालतो. हा खेळ संपतो केव्हा? मधे विकतो काय? आणि आपण जे देत नाही ते कोण देते?

परवा पहिल्या दोन प्रश्नांना त्या विणकराच्या मुलाने सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि बरोबर उत्तरे दिली. तिसऱ्याला त्याने हात वर केला नाही. उत्तर त्याला येत होते. मी दुसऱ्या मुलाला विचारले.