पाणलोटाच्या माथ्यावरून

तुळजापूर,
कार्तिक शुद्ध पक्ष

चि. मुक्ता हिस,

 

पत्रास कारण की, पौषात मैत्रिणींसह येऊन सीमाभागातील तळी-तलाव पाहण्याचा बेत तू कळविला आहेस आणि सोबत पाहावयाच्या जागांची यादीही पाठविली आहेस. ती नकाशावरील निळे ठिपके मोजून केलेली दिसते आणि या मुलुखात तेवढ्यावर भागत नाही. धाराशीव, सोलापूर आणि पलीकडचा कलबुर्गी या पट्ट्यात आपोआप बनलेले सरोवर जवळजवळ नाहीच. काळ्या पाषाणाच्या या उघड्या माळावर जेथे जेथे पाणी उभे दिसते, तेथे ते कोणीतरी, कोणासाठी तरी अडविलेले असते, आणि म्हणून ते कोणत्या उताराने आले व सांडव्यावरून अथवा मोरीतून कोणाच्या वाट्याला गेले, हे पाहिल्याखेरीज तो तलाव पाहिला असे म्हणता येत नाही. सांडवा म्हणजे तलाव तुडुंब भरल्यावर जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर पडावे म्हणून बांधाच्या एका टोकाला ठेवलेली वाट, आणि मोरी म्हणजे बांधाच्या पोटातून शेताकडे पाणी सोडण्याचे दार. पाहणाऱ्यांची पावले सहसा पाण्याच्या काठाशीच थांबतात आणि या दोन्ही जागा पाहावयाच्या राहून जातात.

सीमाभाग म्हटले की महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यामधील रेषा डोळ्यांसमोर येते. परंतु पाण्याच्या दृष्टीने तिच्याहून जुनी आणि तिच्याहून ठाम अशी एक सीमा या जिल्ह्यातून जाते व ती बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर आहे. ज्या उंचवट्यावरून पावसाचे पाणी दोन निरनिराळ्या नद्यांकडे वाटले जाते त्याला जलविभाजक म्हणतात. बालाघाटाच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस तेरणेत उतरून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला मिळतो, तर दक्षिण उतारावरचा पाऊस बोरी नदीने अक्कलकोटच्या बाजूस जाऊन भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जातो. तुळजापूरची वस्ती याच रांगेच्या कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. दोन्ही वाटांचे पाणी कर्नाटकाची हद्द ओलांडते, बंगालच्या उपसागराला मिळते, आणि वाटेत कोणत्याही राज्याने घातलेल्या दगडाची पर्वा करीत नाही.

राजकीय रेषा मात्र येथे वारंवार हलली. नळदुर्गचा मुलूख १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि १८६० साली परत निजामाकडे आला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला व १९६० साली महाराष्ट्र झाला. या सर्व काळात सोलापूर एका राज्यात आणि पंचेचाळीस किलोमीटरांवरचे तुळजापूर दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती बहुतेक वेळ होती, म्हणून दोन्हीकडचे तलाव निरनिराळ्या सरकारांनी, निरनिराळ्या हेतूंनी बांधलेले आढळतात.

सर्वांत जुने पाणी अर्थातच देवीपाशी आहे. तुळजाभवानीच्या देवळाकडे पायऱ्या उतरताना कल्लोळ तीर्थ लागते आणि पुढे गोमुख तीर्थ, जेथे दगडी गाईच्या मुखातून पाण्याची धार अखंड पडत असते. बालाघाटातील खडक हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून झालेला लाव्हाचा खडक असून त्यात कठीण, घट्ट थर आणि सच्छिद्र, झिजलेले थर एकाआड एक येतात; सच्छिद्र थरात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि डोंगराच्या कुशीत जेथे तो थर उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. डोंगरकुशीतील देवस्थाने आणि झरे एकत्र का सापडतात, याचे उत्तर पुष्कळदा या थरांच्या रचनेत असते. आश्विनी पौर्णिमेला कर्नाटकातून आणि तेलंगणातून पायी येणारे लाखो भाविक देवळात शिरण्यापूर्वी याच पाण्याने हातपाय धुतात किंवा स्नान करतात. असे झरे ज्या माथ्यावरच्या पावसावर जगतात तो माथा बांधकामांनी आणि सिमेंटने झाकला गेला तर तीर्थाची धार टिकणार नाही. कुंडाच्या पायऱ्या कितीही नीटनेटक्या केल्या तरी पाणी डोंगराच्या माथ्यावरूनच यावे लागते.

यादीतील नळदुर्गाचे नाव मात्र अगदी योग्य जागी आहे आणि त्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. तुळजापूर तालुक्यातील हा किल्ला बोरी नदीच्या वळणात उभा असून समोरच्या काठावर रणमंडळ नावाचा दुसरा, लहान किल्ला आहे, आणि या दोहोंना जोडणारी भिंत म्हणजेच नदीवरचे धरण आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३च्या सुमारास, हे काम झाले. दगडी धरण पाण्याचा रेटा स्वतःच्या वजनाने तोलते. म्हणून त्याच्या पोटात पोकळी ठेवणे म्हणजे त्याचे बळ कमी करणे, असे आजचा कोणताही अभियंता सांगेल. नळदुर्गच्या कारागिराने नेमके तेच केले: धरणाच्या जाडीतच जिने आणि दालने कोरून पाणी महाल बांधला, त्याच्या खिडक्या खालच्या बाजूला उघडल्या आणि धरणाच्या माथ्यावरून पाणी सोडण्यासाठी दोन वाटा ठेवल्या, ज्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. पूर आला की या दोन वाटांनी पाणी झेप घेते, आणि आत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून पांढरा पडदा कोसळत असताना दालन कोरडे राहते. अरुंद जिना उतरताना हाताला लागणारी भिंत, तिचे घट्ट बसविलेले चिरे आणि त्यांच्या पलीकडे उभा असलेला पाण्याचा भार यांचा विचार केला म्हणजे बांधणाऱ्याचा आपल्या हिशेबावर केवढा विश्वास होता, हे कळते. एकाच बांधकामाने शत्रूला अडवावे, गडाला पाणी पुरवावे आणि सुलतानाला उन्हाळ्यात व पावसाळ्यात विसाव्याची जागाही द्यावी, असे दुसरे उदाहरण दख्खनमध्ये शोधून काढावे लागेल.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नर-मादी धबधबे आता केवळ पावसावर चालत नाहीत; किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरीवर झालेले आधुनिक धरण आधी भरावे लागते, आणि त्याच्या सांडव्यावरून पाणी सुटले तरच चारशे वर्षांच्या जुन्या भिंतीवर ते येते. ज्या वर्षी वरचे धरण भरत नाही त्या वर्षी धबधबे मुके राहतात. पौषात ते कोरडेच असतील, पण त्यात हळहळण्यासारखे काही नाही, कारण चिरेबंदी आणि पाण्याच्या वाटा नीट तपासावयाच्या तर कोरडा काळच बरा.

नळदुर्गास कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून १८५३ साली आलेला मेडोज टेलर हा या भागाच्या पाण्याच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगा माणूस होय. त्याआधी सुरपूर संस्थानात असताना त्याने तेथील बोनाळ तलावाचे काम करविले होते, आणि तुळजापुरातून सुरू होणारी ‘तारा’ ही कादंबरी त्याने १८६३ साली प्रसिद्ध केली. बोनाळ आज कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात असून पक्ष्यांसाठी राखलेला आहे. दिवस उरल्यास तेथवर जाता येईल, परंतु ती वेगळी सहल होईल.

हिप्परगा तलाव, ज्याला सरकारी दप्तरात एकरूख म्हणतात, तो सोलापूरहून येतानाच दिसेल. आदिला नदीवर सुमारे दोन किलोमीटर लांबीचा मातीचा बांध घालून हे काम १८६६ ते १८७१ या काळात झाले आणि मुंबई इलाख्यातील त्या वेळच्या मोठ्या पाटबंधारे कामांत त्याची गणना होत असे. हिवाळ्यात तेथे पट्टकदंब, चक्रवाक आणि काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी उतरतात. दुर्बीण अवश्य आणावी.

आता ज्यांची नावे यादीत नाहीत त्या तलावांविषयी, कारण या पत्राचा खरा विषय तोच आहे. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमी योजनेखाली, जिचा कायदा १९७७ साली होऊन १९७९च्या २६ जानेवारीपासून अंमलात आला, मराठवाड्यातील गावोगावच्या माणसांनी टिकाव, फावडे आणि पाटी घेऊन पाझर तलाव खोदले. पाझर तलावाला कालवा नसतो आणि मोरीही नसते. ओढ्यावर मातीचा बांध घालून पाणी केवळ थांबवावयाचे, म्हणजे ते मुरमात आणि खालच्या सच्छिद्र खडकात हळूहळू झिरपते व बांधाखालच्या विहिरींना येऊन मिळते, एवढीच त्याची योजना असते. म्हणून फाल्गुनात कोरडा पडलेला पाझर तलाव पाहून तो वाया गेला असे समजणे चूक आहे. पाणी जमिनीत उतरून तो रिकामा झाला असेल तर त्याने आपले काम पार पाडले, आणि बांधाखालच्या विहिरीत डोकावल्यास त्याचा पुरावा मिळतो. उलट जो तलाव चैत्रापर्यंत भरलेला राहतो त्याच्या तळाशी गाळाचा चिकट थर बसून झिरपण्याच्या वाटा बुजल्या असण्याचा संभव असतो, आणि मग ते पाणी विहिरीला न मिळता उन्हाने उडून जाते. या भागात उघड्या पाण्याची वर्षभरातील वाफ पावसाच्या दुपटीहून अधिक असते, हे लक्षात घेतल्यास गाळ काढणे किती निकडीचे आहे ते पटेल. २०१७ पासून सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली असून शेतकऱ्याने गाळ आपल्या खर्चाने नेऊन हलक्या रानात पसरावा अशी तिची मूळची कल्पना होती. कल्पना उत्तम आहे, मात्र पोकलेनने गाळाबरोबर खालचा मुरूमही खरवडून नेला तर तलावाचे रूपच बिघडते, म्हणून कोठे थांबावयाचे हे जाणणारा माणूस खोदाईच्या जागी उभा असला पाहिजे.

मार्गशीर्ष-पौषात अशा तलावांच्या शेपटाकडे, म्हणजे ओढा जेथून आत शिरतो त्या उथळ बाजूला, जावे. पाणी मागे सरकत जाते तसतशी ओली, काळी जमीन उघडी पडते आणि तिच्यावर हरभरा, ज्वारी किंवा भाजीपाला केला जातो. याला गाळपेर म्हणतात. वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर, आलेल्या या जमिनीला वेगळे पाणी द्यावे लागत नाही; सकाळी गेल्यास भेगाळलेल्या चिखलाच्या कडेला आदल्या आठवड्याची पाण्याची रेषा, तिच्यावर नुकतीच उगवलेली हिरवी ओळ आणि तिच्यापुढे दोन-तीन शेकाटे चिखलात चोच खुपसत फिरताना, असे एकत्र दिसते. बुडीत जमिनीवर कोणी पेरावयाचे याचे गावागणिक संकेत असतात. ते विचारून घ्यावेत, आणि पिकातून चालू नये.

तुळजापूरजवळचा रामदरा साठवण तलाव हे या साऱ्याच्या अगदी विरुद्ध टोक होय. कृष्णा खोऱ्यातील पाण्याचा तंटा मिटविण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. धाराशीव आणि बीड जिल्ह्यांचा दक्षिण उतार भीमेकडे जातो, एवढ्याच आधारावर मराठवाड्याला त्यात वाटा मागता आला, आणि त्यातून कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजना उभी राहिली, जिच्या पहिल्या टप्प्यात ७ अब्ज घनफूट पाण्याचा विचार झाला. उजनीच्या जलाशयातून पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवून रामदऱ्यापर्यंत आणावयाचे, असे तिचे रूप आहे. बालाघाटाच्या माथ्याचा कायद्याशी संबंध तो असा. दुष्काळी तालुक्याचा या पाण्यावर हक्क आहे आणि ते यावे, याबद्दल दुमत असू नये. तथापि चढविलेल्या प्रत्येक घनफुटासाठी वीज कायम मोजावी लागणार असल्याने, ते पाणी आले म्हणून गावओढ्यांवरील पाझर तलावांची देखभाल सोडून दिली तर तालुक्याचे मोठे नुकसान होईल. आज त्या देखभालीची स्थिती समाधानकारक नाही. बांधांवर बाभळी माजल्या आहेत, त्यांची मुळे भरावात शिरून पाण्याला वाट करून देतात. काही सांडव्यांत मातीचे ढीग आहेत. आणि सर्वांत वाईट म्हणजे तलावाला पाणी आणणारे ओढेच ठिकठिकाणी नांगरून शेतात घेतले गेले आहेत, त्यामुळे पाऊस चांगला होऊनही तलाव अर्धा राहतो आणि दोष पावसाला दिला जातो.

तेव्हा येताना भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घेऊन यावेत. त्यांवर ओढ्यांच्या बारीक रेषा काढलेल्या असतात, आणि तलावाच्या वरच्या बाजूने त्या रेषेवरून पायी चालत गेल्यास ओढा कोठे नाहीसा झाला आहे ते जागेवरच कळेल. तशा जागा नकाशावर पेन्सिलीने खुणावाव्यात व त्याची एक प्रत येथे ठेवून जावी, म्हणजे ग्रामसभेत मांडता येईल. नळदुर्गास रविवारी गर्दी असते, म्हणून मधला वार धरावा. पाण्यात उतरू नये. गाळाच्या तळाचा अंदाज येत नाही. निघण्याची तिथी आठ दिवस आधी कळविल्यास राहण्याची व्यवस्था होईल.

कळावे, हे आशीर्वाद.

आबा