वाकिता

मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत, कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाशीच काय ती वाकिता आढळते. डॉल्फिनच्या नात्यातली ही जेमतेम दीड मीटरची जलचर. स्पॅनिशमध्ये नावाचा अर्थ 'छोटी गाय'. शास्त्राने तिची नोंद केली १९५८ साली, तीही कवट्यांवरून. तिच्याशी कोणाचे वैर नाही. कोळी जाळे टाकतात ते तोतोआबा माशासाठी. आपल्या घोळीचाच हा भाऊबंद. त्याच्या वाताशयाला चीनमध्ये अफाट मोल. परंतु मासा आणि वाकिता अंगाने जवळपास सारखीच. जाळ्यात सापडलेली वाकिता श्वासासाठी वर येऊ शकत नाही व गुदमरते. १९९७ साली सुमारे ५६७ होत्या, आज दहाच्या आसपास. २०१७ मध्ये अशा जाळ्यांवर बंदी आली. तरी ती पडतात. एका वाताशयाचा पैसा कोळंबीच्या कित्येक खेपांना भारी पडतो.