सांडपाण्याची नळी

गेल्या शनिवारी दुपारी श्टुटगार्टच्या आमच्या घरातील वॉशिंग मशीन पोटात पाणी घेऊन बंद पडले. आता प्लंबर सोमवारीच मिळणार. म्हणून आम्ही स्वतःच कामाला लागलो. लेक टॉर्च धरून बसली.

प्लग काढला, नळ बंद केला. तळाशी असलेल्या छोट्या झाकणाखाली परात ठेवून पाणी थोडेथोडे काढले. गाळणीत धाग्यांचा लगदा व एक हेअरपिन निघाली. गाळणी परत बसवली, तरीही पाणी अडलेलेच. मग सांडपाण्याची नळी सिंकखालच्या पाइपापासून सोडवून बादलीत धरली आणि मशीन सुरू करून पाहिले. पाणी धो धो बादलीत पडले. म्हणजे पंप ठीक, नळी ठीक. अडथळा सिंकच्या पाइपात, नळी जोडतात त्या तोंडाशी. मशीन पुन्हा बंद केले. तेथे साबण आणि तेलकटपणाचा काळा, कुजका गोळा घट्ट बसला होता. तो बोटांनी उकरून काढला.

नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला. लेकीने फोन आमच्याकडे वळवला. गाळाने माखलेले हात पाहून आई क्षणभर गप्प झाली. "ह्याच्यासाठी शिकवलं होतं का रे तुला?" एवढे विचारून तिने फोन ठेवला. तिचे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. गटारे उपसण्यात त्यांचा जन्म गेला.

तो प्रश्न रात्रभर सलत राहिला. उत्तर शोधताना बाबासाहेबांचा १९३६ सालचा विचार आठवला: जात केवळ कामे वाटत नाही, ती माणसांचीच जन्माने वाटणी करते. येथे नळकाम शिकणारा तरुण साडेतीन वर्षे रीतसर प्रशिक्षण घेतो, परीक्षा देतो. त्याचा बाप काय करत होता, हे त्याला घरात घेताना कोणी विचारत नाही. आमच्या या श्वाबेन प्रदेशात 'केरवोखे' नावाची प्रथा आहे. योगायोगाने त्या शब्दात आपला 'केर' आहे. ज्या घराच्या दारावर पाटी लागेल, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा. मग तो डॉक्टर असो वा दुकानदार. अर्थात येथेही सर्व समान नाही. आमचे कार्यालय पहाटे स्वच्छ करणारे हात बहुधा स्थलांतरितांचेच असतात, हे आपण विसरू नये.

भारतात हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही आपली माणसे गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. आम्ही मात्र काम करण्यापूर्वी प्लग काढू शकलो, नको वाटले असते तर सोमवारची वाट पाहू शकलो. लाज त्या गाळाची नाही. 'नाही' म्हणण्याचा अधिकार ज्यांनी हिरावून घेतला, लाज त्यांची आहे.

रविवारी आम्हीच फोन लावला. जय भीम झाल्यावर हे सारे आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "हातमोजे तरी घातले होतेस ना?"

"हो, आई."

"अण्णांना कधी मिळाले नाहीत रे," ती म्हणाली.