पाठीवरचा सोळा लिटरचा पंप

शिरोली एमआयडीसीत आमचं पॅटर्नचं दुकान आहे. वाळूच्या साच्यात बीड ओतायचं तर आधी त्या भागाचा लाकडी नमुना लागतो. तो अण्णा सागवानात घडवतात. थंड होताना बीड आकसतं, म्हणून नमुना साधारण एक टक्का मोठा करायचा. वाळू न मोडता तो वर निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. माझी धाकटी बहीण या भुशातच वाढली. मेकॅनिकल इंजिनिअर झाल्यावर ‘सीड’ची परीक्षा देऊन इंडस्ट्रियल डिझाइन शिकायचं तिनं ठरवलं, तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, “म्हंजे आता चित्रं काढणार व्हय?”

मलाही तसंच वाटलं होतं.

ती पवईला आयडीसीत गेली. आयआयटी मुंबईतला हा विभाग 1969 साली सुरू झाला, जर्मनीत उल्मला शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णींच्या पुढाकारानं. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि जेवताना मतदान यंत्राचा विषय निघाला. 2004 च्या लोकसभेला देशभर जे यंत्र वापरलं गेलं, त्याचं रूप याच विभागातल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी घडवलेलं. वाचता न येणाऱ्या माणसालाही एकट्यानं, कुणाला न विचारता मत देता यायला हवं, म्हणून चिन्हासमोरच बटण, दाबल्यावर दिवा आणि मग लांब आवाज. पुढच्या निवडणुकीत मत देऊन आल्यावर अण्णा बराच वेळ त्या आवाजाबद्दल बोलत होते. “मत पडलं का न्हाई, कुणाला विचारायला लागत न्हाई,” म्हणाले. धाकटी काय शिकते, हे घरात त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं पाठीवरचा फवारणी पंप निवडला. टाकीत सोळा लिटर पाणी, म्हणजे सोळा किलो, वर पंपाचं वजन वेगळं. डाव्या हातानं दांडा हापसायचा, उजव्या हातात नळी. पहिलं मॉडेल तिनं फोमचं केलं: गोलाईदार, हिरवं, बघत राहावं असं. ते घेऊन आम्ही हातकणंगल्याकडच्या एका ओळखीच्या शेतात गेलो. फवारणी करणाऱ्या मावशींनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि विचारलं, “हे बांधावर बसतंय का?”

बसत नव्हतं. तळ गोल होता.

भरलेला पंप जमिनीवरून उचलून कुणी पाठीला लावत नाही. आधी तो बांधावर ठेवायचा, त्याच्याकडे पाठ करून वाकायचं, पट्ट्यांत हात घालायचे आणि मग उठायचं. पट्टे खांद्यात रुततात म्हणून त्यांना टॉवेल गुंडाळलेला. झाकणातून सांडलेलं औषध पाठीवर येतं म्हणून मागं प्लास्टिकचा कागद बांधलेला. धाकटीनं चार दिवस फक्त हेच पाहिलं, वहीत उतरवलं. मला हे काम तेव्हा रिकामपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, तिच्या दोन वर्षांतलं सगळ्यात कष्टाचं काम तेच होतं. कारण त्या टॉवेलात आणि कागदात लोकांनी पंपाची दुरुस्ती आधीच करून ठेवली होती. ती फक्त कुणी पाहिली नव्हती.

दुसऱ्या मॉडेलचा तळ अण्णांनी सागवानात करून दिला, सपाट आणि रुंद. वजनासाठी त्यांनीच त्यात वाळू भरली, पाठीवर घेतलं आणि दुकानाच्या आवारात चकरा मारल्या. उतरवल्यावर डाव्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाले, “हितं रुततंय.” तिनं पट्ट्यावर पेन्सिलीनं खूण केली.

नोकरी मात्र लवकर मिळाली नाही. एका कंपनीत यंत्र तयार झाल्यावर त्याला वरून छान कवच चढवायचं, एवढीच अपेक्षा होती. कुठली बटणं कुठं असावीत हे विचारायला तिला उशीर झालेला असे. ते सगळं आधीच ठरलेलं. तिथं ती वर्षभर राहिली आणि फार खचली. पुढं पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत मुलाखतीला जाताना तिनं गुळगुळीत चित्रं घरी ठेवली आणि ते कलंडणारं हिरवं मॉडेल सोबत नेलं. पाऊण तास त्याच्यावरच बोलणं झालं. काम मिळालं.

आता ती रुग्णालयातल्या उपकरणांची प्लास्टिकची कवचं करते; पण सुरुवात वॉर्डात रात्रपाळीला नर्सबाईंसोबत बसण्यापासून होते. मागच्या महिन्यात तिचा अण्णांना फोन आला. खरखरीत पोताचं कवच साच्यातून निघताना बाजूला चरे पडत होते.

“उतार किती ठेवलायस?” अण्णांनी विचारलं.

“एक अंश.”

“वाढव की. अन् काढताना कुठं घासतंय ते आधी बघून ये.”

दुसऱ्या दिवशी ती चाकणला टूलरूममध्ये गेली.